कापसाचा बर्फ

चार वर्षांच्या मुलाला आणि बारा वर्षांच्या मुलाला एकाच मापाचा सदरा शिवून देणारा शिंपी आमच्या गावात आठ दिवसही टिकणार नाही. शाळा मात्र वर्षानुवर्षे टिकून आहेत. नाताळ जवळ आला, की बालवर्गापासून सातवीपर्यंत सगळ्यांना एकच काम नेमून दिले जाते. हिरव्या जाड कागदाचे टोकदार झाड कापायचे, त्याच्या फांद्यांवर कापूस चिकटवायचा, शेजारी लाल टोपीतला दाढीवाला म्हातारा उभा करायचा आणि उरलेल्या जागेत चमकी भुरभुरायची. बालवर्गात झाड वीतभर असते, सातवीत हातभर. वयाप्रमाणे फरक करायचा तो एवढाच.

ह्या प्रकाराला ‘ख्रिसमस प्रोजेक्ट’ म्हणतात आणि त्याला गुण असतात. त्याविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. चाराचे चाळीस झाले तर संपादकांनी सांभाळून घ्यावे. माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही, ब्रश हातात धरला तर माझा हात थरथरतो, आणि कादंबऱ्या लिहितो त्या शाळेच्या वह्या तपासून उरलेल्या रात्रीत. पण गेली वीसेक वर्षे मुलांच्या हातांकडे पाहणे हा माझा धंदा आहे, आणि त्या हातांवर डिसेंबरात जी चोरी होते, ती मी दर वर्षी उघड्या डोळ्यांनी पाहत आलो आहे.

चोरी हा शब्द मी विचार करून वापरला. प्रोजेक्ट करतो कोण, ते पाहा. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप-गटावर निरोप येतो, की परवापर्यंत ‘ट्री’ पाठवावे. आई स्टेशनरीच्या दुकानात धावते. तिथे पाकीट तयारच असते : कापलेले झाड, कापलेला म्हातारा, गोंदाची नळी. काही अडले तर यूट्यूब आहेच. मूल जेवून झोपी जाते आणि अकरा वाजेपर्यंत आई चिकटवीत बसते. दुसऱ्या दिवशी मूल ते दोन हातांवर तोलीत निघते, रिक्षात एक फांदी मोडते आणि मूल रडू लागते. आपले काही मोडले याचे ते रडू नसते. आईला आता काय सांगायचे, याचे असते. पुढे प्रदर्शन भरते, पाहुणे येतात, चौथीतल्या एका मुलाच्या बर्फाच्छादित बंगल्याला पहिले बक्षीस मिळते. बंगल्यातले दिवे आळीपाळीने उघडमीट करीत असतात. मुलाचे वडील वायरमन आहेत, हे पाहुण्यांखेरीज मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. बंगला थर्माकोलचा. थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ सालीच बंदी झाली आहे. पण पर्यावरणावरचा निबंध शेजारच्याच फळ्यावर डकवलेला असतो, त्यामुळे कोणाच्या सदसद्विवेकबुद्धीला फारसा त्रास होत नाही.

टाळ्या वाजतात. दहा वर्षांचा मुलगा पुढे होऊन बक्षीस घेतो. दुसऱ्याच्या हातचे काम आपले म्हणून मिरवले तर मोठी माणसे शाबासकी देतात, हा धडा त्याला पाठ्यपुस्तकात कुठेही मिळाला नसता. तो शाळेने खास खर्च करून दिला. आणि ज्या पोराने घरच्या चिकटपट्टीने स्वतः वाकडीतिकडी चांदणी जोडून आणली होती, ते मांडवाच्या मागे उभे राहून तोच धडा उलट्या बाजूने शिकत असते.

आता कापसाकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मी सध्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असतो. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे वेचणीचे दिवस. ओसरीवर कापूस, बाजेखाली कापूस, भाव चढेल ह्या आशेवर आढ्याला टेकेपर्यंत भरलेला कापूस. त्या भावावर मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि पोरांच्या फिया लोंबकळत असतात. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी गावातल्या एका इंग्रजी शाळेत पहिलीत आहे. तिला झाडावर लावायला कापूस हवा होता. बापाने घरातलाच मूठभर घेतला, हाताने सरकी काढली आणि दिला. तो परत आला : पिवळट दिसतो, पांढराशुभ्र आणावा. तेव्हा तो गृहस्थ औषधाच्या दुकानात गेला आणि कागदात गुंडाळलेला कापूस विकत घेऊन आला. घरात क्विंटलांनी कापूस पडलेला, त्याला गिऱ्हाईक नाही. आणि कापूस पिकवणारा बाप मूठभर कापसासाठी दुकानदारापुढे पैसे मोजतो. कारण मुलीच्या शाळेला त्याचा कापूस नको होता, बर्फ हवा होता.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. त्याच मुलीला छापील म्हातारा रंगवायला दिला होता. तिने टोपी लाल केली, दाढी कोरी सोडली आणि म्हाताऱ्याच्या पायांखालची सगळी जागा काळ्या खडूने दाबून दाबून भरून टाकली. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. बाजूला शेरा होता, स्नो पांढरा असतो. मी मुलीला विचारले, “काळं कशाला केलं गं?” मास्तर असून एवढेही कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “जमीन हाये ना थे.”

काळी, भेगाळणारी, कापसाची जमीन. तिने जन्मात दुसरी पाहिलेली नाही. कुठून कुठून आलेल्या त्या उपऱ्या म्हाताऱ्याला सहा वर्षांच्या पोरीने आपल्या वावरात उभे करून घेतले होते. त्या अख्ख्या छापील कागदावर खरे असे तेवढेच होते, आणि नेमकी त्याच्यावर फुली पडली.

हे वाचून एक पक्ष खूश होईल, हे मला ठाऊक आहे. परक्यांचा सण आमच्या शाळांत हवाच कशाला, असे म्हणणारा तो पक्ष. २०२३ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्यात, पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांना सांताक्लॉजचा वेष चढवू नये, असे परिपत्रक निघाले होते. त्या पक्षाने माझे बोट धरू नये, म्हणून आधीच सांगून ठेवतो. नाताळ ह्या भूमीला परका नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले, तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून चौदा वर्षे होती. ख्रिस्तजन्माची कथा मराठीने तेव्हापासून ओवीत ऐकली आहे. ‘नाताळ’ हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला आणि असा पचवला, की नाताळची सुट्टी म्हणताना तो बाहेरचा आहे अशी कोणाला शंकासुद्धा येत नाही. रेव्हरंड टिळकांना आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंना परके म्हणायचे असेल तर मराठी वाङ्मयाचे पुस्तक मिटूनच ठेवावे लागेल. वसईत, गोव्यात, अहमदनगरच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या नाताळ घरचा सण म्हणून होतो आहे. आपल्या वर्गातल्या चाळीस मुलांत एखादे ख्रिस्ती मूल असते. त्याच्या सणाबद्दल उरलेल्या एकोणचाळिसांना काही खरे कळावे, हे मला शाळेचे कर्तव्य वाटते. माझी तक्रार आहे ती ही, की आपण त्या मुलाच्याही तोंडावर कापूस फेकतो. तो आपल्या घरी गोठा करतो, रात्री प्रार्थनेला जातो. शाळेत येऊन पाहतो तो त्याच्या सणाच्या नावाने दुकानातला म्हातारा नाचतो आहे.

मूळ कथा तरी काय आहे? खानेसुमारीसाठी आपापल्या गावी निघालेली माणसे. त्यांत एक सुतार आणि त्याची दिवस भरलेली बायको. उतरायला जागा नाही. मूल होते आणि त्याला गव्हाणीत निजवतात. ही बातमी पहिल्याने कळते ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. लूकच्या शुभवर्तमानात एवढे आहे. तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत ते मत्तयाच्या. बर्फ दोघांनीही लिहिलेला नाही. झाड नाही, हरणांची गाडी नाही, म्हातारा नाही. गंमत अशी, की बैल आणि गाढवही दोघांच्या लेखनात नाहीत; ते मागाहून भाविकांच्या आणि चित्रकारांच्या मनातून आपणहून त्या गोठ्यात शिरले.

ह्यातला कोणता शब्द आमच्या मुलांना समजावून सांगावा लागतो? इंग्रजी शाळेतल्या बाई ‘मँजर’ म्हणजे काय ते चित्र दाखवून शिकवतात. ज्या मुलीला त्या ते शिकवतात तिच्या दारात गव्हाण आहे, तिच्यात तिचा धाकटा भाऊ लपतो. धनगरांचे तांडे तिने गावाबाहेर उतरलेले पाहिले आहेत. सुताराचा रंधा पाहिला आहे. आणि विदर्भातल्या पोरांना बैल कुठून आणू असे विचारायची सोय नाही. तान्ह्या पोळ्याला सजवून मिरवलेला लाकडी बैल घरच्या फळीवर वर्षभर उभा असतो. आमच्याजवळ नाही तो फक्त बर्फ, आणि मुलांना करायला सांगतो तोही फक्त बर्फ.

मग हा बर्फ चित्रांत आला कसा? तो चोरून आला नव्हता. ब्रूगेल ह्या फ्लेमिश चित्रकाराने १५६६ साली ‘बेथलेहेमची खानेसुमारी’ रंगवली. आज ते चित्र ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. त्याने बेथलेहेम म्हणून आपल्याकडचेच एक खेडे काढले : गोठलेले तळे, घसरगुंडी खेळणारी पोरे, घरांच्या छपरांवर बर्फ, नावे लिहून घ्यायला बसलेला कारकून आणि त्या गर्दीत गाढवावर बसलेली मरिया, शोधावी लागेल अशी. ब्रूगेलच्या दारात हिवाळ्यात बर्फ पडत होता म्हणून त्याच्या चित्रात बर्फ आहे. माझ्या शेजारच्या मुलीच्या दारात काळी जमीन आहे, म्हणून तिच्या चित्रात काळी जमीन. चारशे-साडेचारशे वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच गोष्ट केली. ब्रूगेलला संग्रहालय मिळाले, पोरीला फुली. (म्हाताऱ्याचे म्हणाल तर त्याचा आजचा लठ्ठ अवतार फारच अलीकडचा. थॉमस नास्ट ह्या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्याला साप्ताहिकातून आकार दिला आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याला जगभर फिरवून आणले.)

आपल्याकडेही हे कोणी केलेच नाही असे नाही. अँजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार, जन्म १९०२. मुंबईचे जे. जे. सोडून तो शांतिनिकेतनला गेला आणि पुढे पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने जन्मभर मरिया रंगवली, लुगड्यातली, सावळी, आपल्याकडच्या बायांसारखी बसणारी. त्याबद्दल त्याला स्वधर्मीयांचेच बोल खावे लागले. १९६७ साली तो वारला. इतक्या वर्षांत त्याचे एक तरी चित्र महाराष्ट्रातल्या किती वर्गांत डिसेंबरात लागले असेल? माझ्या पाहण्यात तरी एकाही नाही.

आता वयाचा प्रश्न. लेखाच्या आरंभी शिंप्याची उपमा दिली ती उगाच नव्हे. मुलाचा हात वयाप्रमाणे बदलतो, हे काही मी शोधून काढलेले नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाच्या शिक्षकाने १८९७ साली मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला. पुढे काही न ठेवता, नक्कल न करवता, मुलांना आपल्या मनातले काढू देणारा. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना उपाशी होती, तेव्हा त्या मुलांची चित्रे लंडनला प्रदर्शनासाठी नेली आणि त्या निमित्ताने भुकेल्या मुलांसाठी पैसा उभा राहिला. त्यांच्या नाताळच्या चित्रांचे एक पुस्तकही १९२२ साली लंडनमध्ये निघाले. चिझेकवर टीका झाली, की त्याच्या मुलांची चित्रे एकमेकांसारखी दिसतात, गुरुजींची छाया पडते. असेल. गुरुजींची छाया कोणत्या वर्गात पडत नाही? पण तिथे निदान छाया तरी माणसाची होती.

व्हिएन्नातच शिकलेला व्हिक्टर लोवेनफेल्ड पुढे अमेरिकेत गेला. मुलांच्या चित्रांतल्या वयोवस्थांवर त्याचा ग्रंथ १९४७ साली निघाला, आणि जगभरच्या शिक्षक-महाविद्यालयांत तो वाचला गेला. त्यात छापील चित्रे रंगवण्याच्या वह्यांवर त्याने हल्ला चढवला आहे. एका मुलाने आधी स्वतःचा पक्षी काढला होता. मग त्याला छापील पक्षी गिरवायला दिले. त्यानंतर त्याने काढलेले पक्षी छापील पक्ष्यासारखे झाले. त्याचा स्वतःचा पक्षी उडून गेला तो परत आला नाही. तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवून त्याने हे दाखवले. आमच्या शाळा दर डिसेंबरात हाच प्रयोग करतात, फक्त तिसरे चित्र कोणी पाहत नाही.

तीन-चार वर्षांचे मूल गिरगोट्या काढते. त्याला झाड कापायला सांगणे म्हणजे आईला झाड कापायला सांगणे. त्याला भिजवलेली माती द्या. ते तिचे गोळे करील, चेपील, एकाला बाळ म्हणील, दुपारी त्यालाच लाडू म्हणील. हरकत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्यातूनच पाय फुटतात, आणि महत्त्वाचा माणूस सगळ्यांत मोठा असतो. गव्हाणीतले बाळ गोठ्याच्या छपराएवढे निघाले तर ते चुकले असे समजू नये. त्याच्या हिशेबाने बाळ तेवढेच आहे. सात-आठाच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाचा पट्टा येतो आणि मधली जागा रिकामी राहते. आभाळ जमिनीला टेकते हे आपण त्याला शिकवायला धावतो. धावू नये.

मी तिसरीच्या वर्गाला ही कथा साध्या मराठीत सांगितली. देवाची म्हणून नाही, प्रवासाला निघालेल्या माणसांची म्हणून. सण कोणाचा ते नंतर सांगितले. मग कोरे कागद वाटले आणि फळा पुसून टाकला. पहिली दहा मिनिटे निम्म्या वर्गाने लाल टोपीवालाच काढला, हे कबूल केले पाहिजे. टीव्हीने शिकवलेले इतक्या लवकर जात नाही. मी कोणाचे काही खोडले नाही, वर्गात मूठभर कडबा आणून टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तासाच्या शेवटी जे हाती आले ते आजही माझ्या कपाटात आहे. एकाने बेथलेहेमचा एस.टी. स्टँड काढला आहे, बाकांवर माणसे झोपली आहेत, मुक्कामाची गाडी उभी आहे आणि सुतार कंडक्टरला काहीतरी विचारतो आहे. एका मुलीने नुसती गाय काढली, पूर्ण कागदभर, आणि गायीच्या कपाळावर आठ्या. मी विचारले तेव्हा म्हणाली, “तिच्या चाऱ्यावर बाळाले झोपवलं ना. मंग थे खाईल काय?” दोन हजार वर्षे ही कथा जगभर रंगवली जाते आहे. गायीच्या जेवणाची चौकशी किती जणांनी केली, हे कलेच्या इतिहासकारांनी मला कळवावे.

दहा-अकराच्या पुढे दिवस कठीण येतात. हात जुना राहतो आणि डोळा मोठ्यांचा होतो. आपलेच चित्र आपल्याला हास्यास्पद दिसू लागते. पुष्कळ मुले ह्याच वयात चित्र काढणे सोडतात ती कायमची. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसणारी बसतात, बाकीचे ‘मला चित्र येत नाही’ असे जन्मभर सांगत हिंडतात. ह्या वयाला जे द्यायचे ते डोक्याला चावणारे दिले पाहिजे, आणि त्याचे फार सुंदर उदाहरण नाताळाच्याच इतिहासात आहे. जर्मनीत नीस्की येथे मोरावियन पंथाची मुलांची शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या मुलांनी भूमितीच्या अभ्यासातून कागदाचा एक तारा तयार केला. अठरा चौरस आणि आठ समभुज त्रिकोण मिळून एक सव्वीस पृष्ठांची घनाकृती होते. एक चौरस दिवा सोडायला मोकळा ठेवायचा आणि उरलेल्या पंचवीस पृष्ठांवर एकेक टोकदार शंकू-मनोरा बसवायचा. मुले वसतिगृहात राहणारी, घरापासून दूर. सणाच्या तोंडावर ती तो तारा करीत आणि आत दिवा लावीत. पुढे त्याचा कारखाना निघाला, जगभर तो तारा गेला. पण जन्म त्याचा गणिताच्या तासाला झाला.

आता दिवाळी अंकाच्या वाचकाने मान वर करून आपल्याच दारात पाहावे. कामट्यांचे चौकोन आणि त्यांच्या सांध्यांतले त्रिकोण मिळून झालेला आपला पारंपरिक आकाशकंदील त्याच कुळातला आहे. कामट्या, पतंगाचा कागद, कणकेची खळ आणि खाली झिरमिळ्या. सातवीचा मुलगा दिवाळीत हा कंदील बांधू शकतो, निदान त्याचा आजोबा ह्या वयात बांधीत होता. त्याच मुलाला दोन महिन्यांनी त्याच कामट्यांतून, त्याच कागदातून नीस्कीचा तारा करायला द्या. पंचवीस मनोऱ्यांपैकी नऊ वाकडे होतील. मोजमाप चुकले की तारा स्वतःच सांगतो, बाईंना फुली मारावी लागत नाही. चौथीतल्याला तो देऊ नये, त्याच्याने होणार नाही आणि पुन्हा वायरमन बोलवावा लागेल.

वसईच्या पट्ट्यात मी चार वर्षे होतो. तिथे आळीतली पोरे नाताळाआधी गोठा करीत. भाताचा पेंढा कुठून तरी पैदा व्हायचा, चिकणमातीची माणसे, आरशाचा तुकडा ठेवून तळे, आणि थाळीत आधी नाचणी पेरून उगवलेले हिरवे शेत. मी घाटावरचा, पहिल्या वर्षी ते पाहिले आणि उभाच राहिलो. अरे, हा तर किल्ला! अंगणात दिवाळीला आम्ही मातीचा किल्ला करीत होतो, तेव्हा तळ्याला हाच आरशाचा तुकडा, डोंगरावर हेच हिरवे कोंब, आमच्याकडे अळिवाचे किंवा मोहरीचे. वर मावळे, इथे मेंढपाळ. किल्ला कोणत्या शिक्षणखात्याने शोधला? त्याला गुण किती? लहान भावाने माती आणायची, मधल्याने बुरूज थापायचे, मोठ्याने दरवाजा आणि चढण जुळवायची. वयाप्रमाणे कामाची वाटणी पोरांनी आपापसात कधीच करून टाकली होती, लोवेनफेल्ड न वाचता. गोठ्यातही तेच चाले. दोन समाजांच्या पोरांनी एकमेकांना न विचारता एकच कला सांभाळली आहे, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली शाळा दोघांनाही कापूस विकत आणायला लावते.

माझे शाळामित्र म्हणतील, हे सगळे ठीक, पण वेळ कुठे आहे? साहेब पाहणीला येतात, भिंत भरलेली दिसावी लागते, पालक फोटो मागतात. वेळ आहे. आईच्या रात्री वाया घालवायला तुम्हांला वेळ मिळतो. भिंतीचे म्हणाल तर तिच्यावर डोक्यातून पाय फुटलेले मेंढपाळ लावा, रागावलेली गाय लावा. साहेबांनी विचारले तर सांगा, की १९४९ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने आपले पहिले शुभेच्छापत्र छापले ते एका सात वर्षांच्या झेक मुलीने काढलेल्या चित्राचे. युद्धातून उठलेल्या गावात कागद मिळेना म्हणून तिने ते काचेवर रंगवले होते. त्यात बर्फ नाही, म्हातारा नाही. एका खांबाभोवती मुले नाचत आहेत. ते चित्र कोणी सुधारून घेतले नाही, कापूस लावून परत मागितले नाही, तसेच छापले आणि जगाला पाठवले.

आणि पालकांनो, तुमच्याकडेही माझे एक काम आहे. व्हॉट्सॲपवर ‘ट्री’चा निरोप आला की शाळेला उलट कळवा, आमचे मूल स्वतः जे करील ते घेऊन येईल, उशिरा येईल, मोडके येईल. कमी गुण द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत. अंगणातला किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडलात तरी माती टाकू नका, पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवा. मावळे पेटीत घाला, तान्ह्या पोळ्याचा बैल फळीवरून खाली काढा. नाचणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरायची, पसरट थाळीत, दोन बोटे माती घालून. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. चोविसाव्या रात्रीपर्यंत तिचे कोंब चांगले वर आलेले असतात.